बेकाची द्राक्षं, गझीरचं तळघर

१९८४ चा खुडा लेबनॉनमधल्या होशार कुटुंबाला आयुष्यभर पुरला. यादवी युद्धाचं दहावं वर्ष सुरू होतं. द्राक्षबागा बेकाच्या खोऱ्यात, वाइनचं तळघर डोंगराच्या पलीकडे समुद्रकाठच्या गझीर गावी, आणि मधल्या वाटेवर लढणाऱ्या फौजा आणि टोळ्यांची नाकी. एरवी काही तासांत पोचणारे द्राक्षांचे ट्रक त्या वर्षी कित्येक दिवस रखडले. माल गझीरला उतरला तेव्हा घड फुटून रस सुटला होता आणि तो ट्रकमध्येच आंबायला लागला होता.

दुसरा कुणी असता तर सगळं ओतून मोकळा झाला असता. घरात वाइन करणारे सर्ज होशार यांनी तो रस टाकीत घेतला, त्याची वाइन होऊ दिली आणि बाटल्यांत भरून तळघरात ठेवली. ती त्यांच्या नेहमीच्या वाइनसारखी नव्हती, म्हणून तेव्हा ती बाजारात गेली नाही. पण ती फेकलीही नाही. त्या साली त्या जमिनीतून आणि त्या रस्त्यावरून जे आलं ते हेच, असा त्यामागचा हिशेब. त्यांच्या ‘शातो म्युझार’ या वाइनरीचं तत्त्वज्ञान समजून घ्यायचं तर याहून सोपी वाट नाही.

वाइनच्या जगात ‘तेरवार’ हा फ्रेंच शब्द फार चालतो. जमीन, तिचा उतार, खालचा खडक, पाऊस, वारा, ऊन आणि तिथल्या माणसांची शेती करायची रीत, या सगळ्यांचा मिळून वाइनला जो विशिष्ट गुण येतो तो तेरवार. फ्रान्समधल्या बर्गंडीत सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी मध्ययुगात एकेका टेकडीचे तुकडे पाडून त्यांना कुंपणं घातली, कारण वीस पावलं इकडे-तिकडे झालं की वाइन बदलते असं त्यांना दिसत होतं. त्याच तुकड्यांना २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. यात नाशिकच्या किंवा तासगावच्या बागायतदाराला नवं काही वाटायचं कारण नाही. मुरमाड रानातला माल आणि काळ्या भारी रानातला माल एकाच वाणाचा असला तरी एकसारखा नसतो, हे तो हातात घड घेऊन सांगेल.

मात्र या शब्दाभोवती बरंच धुकंही जमलेलं असतं. चुनखडीवरच्या वाइनमध्ये चुन्याची चव लागते, पाटीच्या दगडावरच्या वाइनमध्ये पाटीचा वास येतो, अशी वाक्यं वाइनच्या समीक्षेत सर्रास वाचायला मिळतात. वेल्समधले भूगर्भशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स मॉल्टमन यांनी अनेक लेखांतून दाखवून दिलं आहे की वेल खडक पीत नाही. मुळांवाटे विरघळलेल्या स्वरूपात जे खनिज वर जातं ते अत्यल्प असतं आणि बहुतेक खनिजांना चव नसतेच. जमीन वाइन घडवते ती आडवाटेने, मुख्यतः पाण्याच्या मार्गाने. फ्रान्समधल्याच बोर्दोचे संशोधक जेरार सेगँ यांनी तिथल्या नावाजलेल्या बागांच्या मातीचा अभ्यास केला, तेव्हा माती नेमकी कोणत्या प्रकारची यापेक्षा ती वेलीला पाणी कसं पुरवते, हे महत्त्वाचं ठरलं. पावसाचं पाणी पटकन निचरून जावं आणि खालच्या थरातून वेलीला थोडं थोडं, हात राखून मिळत राहावं. उन्हाळ्यात पाण्याची किंचित ओढ बसली की वेल नवा शेंडा फेकणं थांबवते आणि घडाकडे वळते. मणी लहान राहतो. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा गंध सालीतूनच येतो. टेबलावर खायच्या द्राक्षाला मणी फुगवायची जी धडपड आपल्याकडे चालते, तिच्या नेमका उलटा हा प्रकार.

बेकाचं खोरं या कामाला जणू बेतून दिलेलं आहे. पश्चिमेला लेबनॉन पर्वत, पूर्वेला त्याला समांतर अँटी-लेबनॉनची रांग, आणि मध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर पसरलेला सपाट पट्टा. भूमध्य समुद्रावरून येणारे ढग पश्चिमेच्या डोंगरावरच बरेचसे रिते होतात. सह्याद्रीच्या पूर्वेचा पर्जन्यछायेचा प्रदेश शाळेत शिकलेल्या वाचकाला हे चित्र लगेच कळेल. फरक एवढाच की तिथला पाऊस हिवाळ्यातला, आणि डोंगरमाथ्यावर त्याचा बर्फ होतो. उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. पानं ओली राहत नाहीत, त्यामुळे डाउनीसारख्या बुरशीरोगांचा जोर कमी आणि फवारण्याही कमी. दिवसा ऊन भाजून काढतं, पण उंचीमुळे रात्री गार होतात. रात्र गार असली की मण्यातला आंबटपणा टिकतो. उष्ण रात्री तो झपाट्याने उतरतो आणि मग वाइन गोडसर, जड, सपक लागते. नुसत्या अक्षांशावर बोट ठेवून कुणी बेकाचा अंदाज बांधला तर तो फसेल.

या खोऱ्यात वाइन काही काल आलेली नाही. खोऱ्याच्या उत्तर भागात बालबेकला रोमनांनी दुसऱ्या शतकात उभारलेलं भव्य मंदिर आजही उभं आहे. ते मद्याचा देव बॅकस याचं म्हणून ओळखलं जातं. किनाऱ्यावर सायदा शहराजवळ तेल अल-बुराक इथे पुरातत्त्वज्ञांना इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकातला, फिनिशियनांचा द्राक्ष तुडवायचा हौद सापडला. त्याचं संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. हौदाला चुन्यात खापरांचा चुरा मिसळलेला गिलावा केलेला होता. ऑटोमन अमलात मात्र वाइन ख्रिस्ती धर्मकार्यापुरती आकसली. १८५७ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी क्सारा इथे पुन्हा पद्धतशीर सुरुवात केली आणि सँसो, कारिन्यान असे फ्रेंच दक्षिणेचे वाण खोऱ्यात रुजले.

होशार कुटुंब या गोष्टीत येतं १९३० मध्ये. गास्तों होशार तेव्हा जेमतेम विशीतले. बोर्दो पाहून आलेल्या या तरुणाने गझीरच्या अठराव्या शतकातल्या एका जुन्या गढीच्या तळघरात वाइन करायला घेतली. गढीचं नाव म्झार. त्यावरून वाइनरी म्युझार. देशात फ्रेंचांचा अंमल होता आणि रोज जेवणासोबत वाइन लागणारे फ्रेंच अधिकारी हे आयतं गिऱ्हाईक होतं. दुसऱ्या महायुद्धात बोर्दोतल्या प्रसिद्ध बागांचे मालक मेजर रोनल्ड बार्टन लेबनॉनमध्ये नेमणुकीवर होते. त्यांची आणि गास्तों यांची मैत्री जमली. बोर्दोशी घराचा धागा असा अधिक पक्का झाला.

पुढचा अंक थोरल्या मुलाचा. सर्ज यांचा जन्म १९३९ चा. आधी ते इंजिनिअरिंगकडे वळले, मग बोर्दोला जाऊन ज्याँ रिबेरो-गायों आणि एमिल पेनो या दिग्गजांकडे वाइनशास्त्र शिकले. आधुनिक वाइनला शिस्त लावली ती या दोघांनी. पिकलेलीच द्राक्षं घ्या, पिंपं स्वच्छ ठेवा, तापमान आवरा, कोणतंही आंबणं नशिबावर सोडू नका. १९५९ मध्ये सर्ज गझीरला वाइन करू लागले आणि त्यांनी वडिलांपुढे सरळ अट घातली: करीन ती माझ्या पद्धतीने, आणि तुम्ही बाजूला व्हायचं. विशीतल्या मुलाने बापाला असं सांगणं आणि बापाने ते ऐकणं, दोन्ही दुर्मीळ. धाकटे बंधू रोनल्ड १९६२ मध्ये आले आणि त्यांनी पैशाची व विक्रीची बाजू उचलली.

मजा अशी की पेनोंच्या या शिष्याने शिकलेलं सगळं पाठ करून त्यातलं निम्मं हळूहळू सोडून दिलं. म्युझारची लाल वाइन आज ज्या रूपात ओळखली जाते ती बसवायला त्यांना जवळजवळ अठरा वर्षं लागली, म्हणजे १९७७ उजाडलं. तिच्यात तीन वाण: काबर्ने सोविन्यों बोर्दोचा, तर सँसो आणि कारिन्यान उन्हाच्या दक्षिणेचे. एकात कणखरपणा, दुसऱ्यात सुगंध आणि मऊपणा, तिसऱ्यात रंग आणि खोली. तिघांची बेरीज साधारण समसमान, पण दरवर्षी बदलती. त्या उन्हाळ्यात जो वाण बोलका निघाला असेल त्याला जागा जास्त.

करायची रीत सांगायला सोपी आहे. द्राक्षं हाताने खुडायची. प्रत्येक वाण वेगळा, सिमेंटच्या टाक्यांत आंबवायचा. बाहेरून विकतचं यीस्ट घालायचं नाही. सालीवर आणि तळघरात जे जिवाणू आणि किण्व आपसूक असतात त्यांनीच काम करायचं. मग ओकच्या फ्रेंच पिंपांत साधारण वर्षभर मुक्काम. तिसऱ्या वर्षी मिश्रण, ते पुन्हा सिमेंटच्या टाकीत. बाटलीत भरताना वाइन गाळायची नाही, निवळवायची नाही, गंधकाचा वापर होता होईल तेवढा कमी ठेवायचा. त्यामुळे जुन्या बाटलीच्या तळाशी साका बसतो. एवढं झाल्यावर बाटल्या आणखी तीन-चार वर्षं तळघरात आडव्या पडून राहतात. खुड्यापासून सातव्या वर्षी ती वाइन गिऱ्हाइकाच्या हाती लागते.

सात वर्षं, हे वाचायला सोपं आहे. व्यापाराच्या भाषेत त्याचा अर्थ असा की आजचा मजूर, आजची पिंपं, आजच्या बाटल्या यांचे पैसे आज द्यायचे आणि उत्पन्न सात वर्षांनी मोजायचं, आणि दरवर्षी हेच. तळघरात कायम अर्धा डझनाहून अधिक वर्षांचा माल तुंबलेला. जगातले बहुतेक कारखाने या वेळात वाइन विकून, पिऊन, विसरूनही मोकळे होतात. दर तिमाहीला नफा दाखवायचा असेल तर ही रीत परवडत नाही. जमीन, तळघर आणि निर्णय एकाच घरात असतील आणि घरातल्या पुढच्या पिढीवर भरवसा असेल तरच ती जमते. म्युझारच्या बाबतीत ‘कौटुंबिक’ या शब्दाला अर्थ आहे तो इथे. लेबलावर आजोबांचा फोटो छापण्यापुरता नाही.

ढवळाढवळ न करणं म्हणजे काहीच न करणं, असा एक गैरसमज अलीकडे नैसर्गिक वाइनच्या लाटेत फार पसरला आहे. प्रत्यक्षात हा मार्ग निगुतीचा आहे. विकतचं यीस्ट नाही, गाळणी नाही, गंधक नाममात्र. म्हणजे चूक झाकायला काहीच हाताशी नाही. मग सगळा भार द्राक्षावर येतो. कोणत्या दिवशी खुडायचं, कोणता घड बाजूला काढायचा, कोणती टाकी कोणत्या टाकीत मिसळायची, यातच सारं कसब. २००६ मध्ये म्युझारच्या बागांना सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र मिळालं, लेबनॉनमध्ये पहिलंच. कोरड्या हवेमुळे त्यांना वेगळं फारसं काही करावं लागलं नाही, हेही तितकंच खरं.

आणि ही वाइन सगळ्यांना आवडते असं मुळीच नाही. एका सालची म्युझार पुढच्या सालच्या म्युझारशी मेळ खात नाही, हे एक वेळ समजून घेता येतं. पण एकाच सालच्या दोन बाटल्याही कधी वेगवेगळ्या निघतात. तिच्यात आंबूस, तीक्ष्ण, नेलपॉलिशची आठवण करून देणारा एक वास असतो, तो बाष्पशील आम्लांचा. कधी तबेल्याचा वास येतो, तो ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचा. बोर्दोतल्या परीक्षेत विद्यार्थ्याने अशी वाइन केली तर दोष म्हणून त्याचे गुण कापले जातील. चाहते म्हणतात, हे वास ठरावीक मात्रेत असतील तर त्यांनीच वाइनला जिवंतपणा येतो. टीकाकार म्हणतात, बिघाडाला तत्त्वज्ञानाचं नाव देऊ नका. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. चांगले पैसे मोजून घरी नेलेली बाटली बिघडलेली निघाली तर ‘वाइन जिवंत आहे’ हे उत्तर गिऱ्हाइकाला पुरेसं वाटणार नाही. पण दुसरीकडे, दरवर्षी तंतोतंत तीच चव हवी असेल तर मग जमिनीचं, हवेचं नाव कशाला घ्यायचं? ते काम प्रयोगशाळा अधिक चोख करते.

युद्ध सुरू झालं एप्रिल १९७५ मध्ये आणि चाललं १९९० पर्यंत. १९७६ मध्ये म्युझारची वाइन झालीच नाही. बाकीच्या वर्षी कशी ना कशी द्राक्षं डोंगर ओलांडत राहिली. बैरूतवर तोफांचा मारा चालू असताना सर्ज तळघरात लपायला न जाता घरातच बसून राहिले आणि १९७२ ची एक बाटली मोठ्या पेल्यात ओतून तासन् तास घोट घोट पीत राहिले, ही हकिकत ते पाहुण्यांना रंगवून सांगत. तेवढ्या वेळात ती वाइन कशी बदलत गेली यावरच त्यात जास्त भर असे, तोफांवर कमी. माणूस जरा नाटकी होता, यात शंका नाही. लोक देश सोडून जात होते आणि जायचे पैसे सर्ज यांच्याकडेही होते. पण बागा उचलून नेता येत नाहीत. बेकाची वाइन करायची तर बेकाजवळ राहायला हवं, इतका साधा तो प्रश्न होता.

देशातलं गिऱ्हाईक मात्र उडालं. मग परदेशात बाजार शोधणं आलं. १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या वाइन जत्रेत सर्ज यांनी आपल्या बाटल्या मांडल्या. लिलावाच्या ख्रिस्टीज कंपनीतला वाइन विभाग सांभाळणारे मायकेल ब्रॉडबेंट यांनी त्यांची १९६७ ची लाल वाइन चाखली आणि जत्रेतला सर्वांत मोठा शोध म्हणून तिची वाहवा केली. त्यांच्या शब्दाला तेव्हा फार वजन होतं. ब्रिटनचा दरवाजा उघडला. १९८४ मध्ये, म्हणजे ट्रकमध्ये द्राक्षं आंबली त्याच वर्षी, ‘डिकँटर’ मासिकाने वर्षातली सर्वश्रेष्ठ व्यक्ती निवडायची प्रथा सुरू केली आणि पहिला मान सर्ज होशार यांना दिला.

त्यानंतर म्युझारवर लिहिलं गेलेलं बहुतेक लेखन तोफा, नाकी आणि धाडसी ट्रकचालक यांच्याभोवती फिरतं. ती कथा खरी आहे आणि विकतेही. पण ब्रॉडबेंट यांनी जिची वाखाणणी केली ती वाइन युद्ध पेटण्याच्या आठ वर्षं आधीची होती. तिच्यात बारूद नव्हतं. होतं ते खडकाळ खोरं, तीन वाण आणि बारा वर्षांची मुरवण. लंडनच्या गिऱ्हाइकाने पुढे युद्धाची गोष्ट विकत घेतली असेल, पण पहिल्यांदा आवडली ती वाइन.

तेरवार या कल्पनेत माणूस येतो की नाही, यावर जुना वाद आहे. काही जणांच्या मते ती निखळ निसर्गाची गोष्ट आहे. द्राक्ष आणि वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये जी व्याख्या स्वीकारली तिच्यात मात्र त्या प्रदेशातल्या लोकांचं साठत आलेलं ज्ञान आणि त्यांची शेतीची पद्धत यांना स्पष्ट जागा आहे. म्युझारकडे पाहिलं की ही व्याख्या पटते. काबर्ने बोर्दोचा, कारिन्यान मूळ स्पेनचा, शिक्षण फ्रेंच, तळघर बागेपासून डोंगरापलीकडे. काटेकोर निसर्गवाद्याला यात ‘स्थानिक’ म्हणावं असं फार थोडं सापडेल. तरीही ही वाइन बोर्दोची म्हणून खपत नाही आणि स्पेनचीही म्हणून नाही.

निखळ स्थानिक काही पाहायचं असेल तर म्युझारच्या पांढऱ्या वाइनकडे वळावं लागतं. ओबैदे आणि मेरवाह हे तिचे दोन वाण. ओबैदे अँटी-लेबनॉनच्या पायथ्याच्या चुनखडीच्या दगडगोट्यांत, तर मेरवाह लेबनॉन पर्वताच्या समुद्राकडच्या उतारावर, दोघेही लाल वाणांपेक्षा उंच रानात. शार्दोने आणि सेमियों हे प्रसिद्ध फ्रेंच वाण यांच्यापासूनच गेले, धर्मयुद्धं लढून परतणाऱ्या सरदारांनी ते नेले, अशी एक आख्यायिका लेबनॉनमध्ये आवडीने सांगितली जाते. जनुकीय तपासणीत तिला आधार मिळालेला नाही. आख्यायिका खरी नसली तरी या वेलींचं महत्त्व कमी होत नाही. त्यातल्या बऱ्याच कित्येक दशकं जुन्या आहेत, आधाराशिवाय झुडपासारख्या वाढलेल्या आहेत आणि मुख्य म्हणजे स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या मूळ खाणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा उजाड केल्या. तेव्हापासून जगभर बहुतेक द्राक्षवेली अमेरिकी खुंटावर कलम करूनच लावल्या जातात. आपल्या बागायतदारालाही डॉगरिजचा खुंट सवयीचा आहे, पण तिथे कारण क्षाराचं आणि पाण्याच्या टंचाईचं. खुंटाशिवायची जुनी वेल पाहायला मिळणं ही आता नवलाची गोष्ट झाली आहे.

बेकाची तुलना नाशिकशी करायचा मोह होतो, पण ती एका मर्यादेपलीकडे टिकत नाही. तिथली वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते, वसंतात फुटते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस माल देते. आपल्याकडे इतकी थंडी नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि पावसाळा मधल्या काळात काढून माल हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या तोंडावर, असं वेळापत्रक महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी आणि संशोधकांनी मिळून बसवलं. सेगँच्या मातीइतकंच हेही तेरवारचं काम आहे. नारायणगावला १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी फसफसणारी वाइन केली, २००० मध्ये नाशिकच्या सुला वाइनच्या पहिल्या बाटल्या आल्या, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे नाशिकच्या वाइनचं वय आज साधारण तेवढं आहे, जेवढं म्युझारचं १९५० च्या दशकात होतं. गोदावरीच्या खोऱ्यातला कोणता तुकडा कशासाठी चांगला, याची उत्तरं अजून यायची आहेत. ती यायला एखाद्या घराला तिथे दोन पिढ्या टिकून राहावं लागेल.

सर्ज होशार ३१ डिसेंबर २०१४ रोजी मेक्सिकोतल्या अकापुल्कोला पोहताना झालेल्या अपघातात गेले. वाइनरी त्यांच्या आणि रोनल्ड यांच्या मुलांनी पुढे नेली. सर्ज यांचे थोरले चिरंजीव गास्तों, आजोबांचंच नाव धारण केलेले, आता कारभार पाहतात. तारेक साक्र १९९१ पासून तिथे वाइन करतात, त्यामुळे मालक बदलले तरी हात बदलला नाही. काळ मात्र निवळलेला नाही. २०१९ पासून लेबनॉनची बँक व्यवस्था कोसळली आणि लोकांच्या ठेवी अडकल्या. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरातल्या स्फोटाने निम्मं शहर हादरलं. २०२४ च्या सप्टेंबरात, ऐन खुड्याच्या दिवसांत, बेकावर पुन्हा बॉम्ब पडले. त्या साली खुडलेल्या द्राक्षांची लाल वाइन म्युझारच्या रिवाजाप्रमाणे २०३१ च्या आसपास बाजारात यायची.

गझीरला पाहुणे आले की एक प्रथा अजून पाळली जाते. जगभर पांढरी वाइन आधी आणि लाल नंतर देतात, इथे उलटं. पांढरी वाइनही बर्फासारखी गार करून नव्हे, तळघरात जेवढी थंड असते तेवढीच, पंधरा अंशांच्या आसपास. सर्ज यांचं म्हणणं असं की त्यांची पांढरी वाइन लालपेक्षा भारदस्त आहे. जुन्या बाटल्या उघडल्या की रंग गडद सोनेरी दिसतो, वासात मध, सुकी फळं, अक्रोड असं काहीबाही येतं, आणि पहिल्या घोटाला बरेच जण बुचकळ्यात पडतात.

ओबैदे आणि मेरवाह यांना लेबनॉनच्या इतर वाइनऱ्यांत मात्र फार काळ कुणी विचारत नव्हतं. बडीशेपेसारख्या स्वादाचं ‘अरक’ हे मद्य गाळायला बरे, एवढीच त्यांची किंमत. वाइन करायची तर शार्दोने लावा, सोविन्यों ब्लाँ लावा, असाच कल होता. ते आता बदलतं आहे. शातो सेंट थॉमसने २०१२ च्या खुड्यातून निव्वळ ओबैदेची वाइन काढली. पाद्र्यांनी जिथे सुरुवात केली त्या क्साराने २०१७ च्या खुड्यातून निव्वळ मेरवाहची, तीही डोंगरातल्या जुन्या वेली शोधून. आणखी काही छोट्या वाइनऱ्या त्याच वाटेने निघाल्या आहेत, आणि अरकासाठी जाणारा माल आता वाइनवाले वाढीव भावाने मागू लागले आहेत.